पायांची कमाई आणि जिभेची कमाई



शेतकरी साठीला आला तरी नांगर काही त्याच्या हातातून सुटत नाही. शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि मग गावातली पोरे संध्याकाळी ओसरीवर शिकायला येऊ लागतात. फुटबॉलच्या खेळाडूचे तसे नाही. तो तेहतिसाव्या-चौतिसाव्या वर्षीच म्हातारा ठरतो. ज्या वयात आपल्याकडे माणूस घराचा कर्ता होतो, त्या वयात त्याला सांगतात, “गड्या, आता पुरे.” मग पुढल्या तीस-चाळीस वर्षांचे त्याने करावे काय? कुणी दुकान टाकतो, कुणी पोरांना शिकवतो, कुणी काहीच करीत नाही आणि खंगत जातो. थोडेजण मात्र ध्वनिक्षेपकापुढे येऊन बसतात. पायांची कमाई संपली की जिभेची कमाई सुरू. अशा काही माणसांविषयी, आणि लोक त्यांची आठवण कशी ठेवतात त्याविषयी, आज सांगावयाचे आहे.

ही गोष्ट आपल्याला अगदी परकी नाही. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात उंच आवाजात निवेदन करणारा माणूस बहुधा स्वतः लाल मातीत घोळलेला असतो. ढाक कुठे लागली, घिस्सा कुणी मारला, एकलंगीतून वरचा पैलवान कसा निसटला, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ते त्याच्या मानेने आणि गुडघ्यांनी शिकलेले असते. म्हणून तो एक शब्द बोलला तरी फडाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्याची मान डोलते.

फुटबॉलचा जो देश, त्या इंग्लंडात रेडिओवरून खेळाचे धावते वर्णन सुरू झाले १९२७ सालच्या जानेवारीत. पंधरा तारखेला रग्बीचा सामना झाला आणि बावीस तारखेला लंडनच्या हायबरी मैदानावर आर्सेनल विरुद्ध शेफिल्ड युनायटेड हा फुटबॉलचा. दोन्ही वेळा बोलणारा माणूस एकच, टेडी वेकलम. तो स्वतः रग्बी खेळलेला. असले काम त्याच्यापूर्वी तिथे कुणी केलेलेच नव्हते, तेव्हा कसे करावे हे विचारायचे कुणाला? कार्यक्रमाच्या निर्मात्याने दोन युक्त्या काढल्या. वेकलमच्या समोर एक पाटी लावली, “शिव्या देऊ नका”. खेळाडूच्या तोंडचे काय सांगावे! आणि रग्बीच्या त्या पहिल्या सामन्याला त्याच्याजवळ एका अंध गृहस्थांना आणून बसविले. सांगितले, तू देशाशी बोलू नकोस, ह्यांच्याशी बोल. ह्यांना मैदान दिसले पाहिजे.

मला ही दुसरी युक्ती फार शहाणपणाची वाटते. नभोवाणीवर बोलणाऱ्याला ऐकणारे हजारो असतात, पण ते दिसत नाहीत. बोलायचे मात्र एकाशीच असते. जो बोलणारा हे विसरतो तो भाषण करू लागतो, आणि भाषण सुरू झाले की ऐकणारा उठून गोठ्याकडे जातो.

फुटबॉलच्या सामन्यासाठी आणखी एक सोय केली होती. कार्यक्रमांच्या छापील पत्रिकेत मैदानाचा नकाशा दिला होता आणि त्याचे आठ चौकोन पाडून त्यांना आकडे घातले होते. वेकलम वर्णन करी आणि शेजारी बसलेला दुसरा माणूस चेंडू कोणत्या चौकोनात आहे तो आकडा म्हणे. घरोघर माणसे नकाशावर बोट ठेवून ऐकत होती. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही युक्ती शाळेत करून पाहण्याजोगी आहे. फळ्यावर मैदान काढा, आठ चौकोन पाडा, वर्गातील निम्मी मुले खिडकीकडे पाठ करून बसवा, आणि बाहेर चाललेल्या कबड्डीचे किंवा लंगडीचे वर्णन एका मुलाला खिडकीतून करू द्या. पाच मिनिटांत कळते, कुणाला नुसते दिसते आणि कुणाला दिसलेले सांगता येते. “तिकडे”, “तो”, “असं झालं”, एवढ्या तीन शब्दांवर भागत नाही, हे मुलाला आपोआप उमगते.

हायबरीचा तो सामना १-१ असा बरोबरीत सुटला. आर्सेनलचा गोल केला चार्ली बुकनने. पुढल्या वर्षी, १९२८ मध्ये, त्याने खेळ सोडला, तो वृत्तपत्रात लिहू लागला, रेडिओवर बोलू लागला, आणि १९५१ साली त्याच्या नावाने फुटबॉलचे मासिकही निघाले. म्हणजे रेडिओवर पहिल्यांदा ज्याचा गोल लोकांनी ऐकला, तोच पुढे रेडिओवर ऐकू येऊ लागला.

आपल्याकडे हा मान क्रिकेटने घेतला. मराठीतून क्रिकेटचे धावते वर्णन म्हटले की ज्यांचे नाव आधी येते ते बाळ पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामन्यात खेळलेले. इंग्रजी खेळ मराठीत कसा सांगायचा हा प्रश्न त्यांच्या पिढीने बोलता बोलताच सोडविला. फलंदाज, यष्टी, षटक, धावचीत, हे शब्द आज शेतावरच्या गड्याच्याही तोंडी आहेत. त्यातल्या कित्येकांना वापराची झळाळी आली ती कानावाटे. आणि विजय मर्चंट! ते खेळत असताना त्यांना पाहिलेली माणसे आता विरळाच. पण रविवारी विविध भारतीवर क्रिकेटविषयी गप्पा मारणारे मर्चंट अनेक घरांत घरच्यासारखे झाले होते. त्यांची फलंदाजी न पाहिलेले लोक त्यांचा संथ, सभ्य आवाज आठवतात. खेळाडू मागे पडतो नि आवाज उरतो, तो असा.

फुटबॉलच्या बाबतीत इंग्लंडात एक निराळीच वाटणी झाली. धावते वर्णन बहुधा बातमीदार मंडळींकडे राहिले आणि जुने खेळाडू मत देण्याच्या कामावर आले. कारण उघड आहे. रेडिओ ऐकणाऱ्याला ‘काय झाले’ ते हवे असते. दूरचित्रवाणी आल्यावर काय झाले ते ज्याला त्याला दिसू लागले. मग लोक विचारू लागले, ‘का झाले?’ ह्या ‘का’चे उत्तर खेळलेल्या माणसाजवळ असते, निदान असावे अशी अपेक्षा असते. १९७० च्या विश्वचषकाच्या वेळी एका वाहिनीने चार माणसे एका ओळीत बसवून दिली: माल्कम ॲलिसन, डेरेक डुगन, पॅट क्रेरँड आणि बॉब मॅकनॅब. सगळे खेळलेले. ती चावडीवरल्यासारखी भांडत, एकमेकांचे शब्द तोडीत, आणि लोकांना ते भांडण सामन्याइतकेच आवडू लागले.

ही कल्पना चालविणाऱ्यांत जिमी हिल नावाचा गृहस्थ होता. त्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. तो ब्रेंटफर्ड आणि फुलहॅम या संघांतून खेळला. खेळाडू म्हणून बरा, थोर नव्हे. पण खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाल्यावर त्याने एक काम असे केले की त्याचे फळ आजचे सारे खेळाडू खात आहेत. त्या काळी इंग्लंडात खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांहून जास्त देऊ नये असा नियम होता. मैदानात हजारो माणसे पैसे देऊन येत, तरी खेळाडूचे वीसच. हिलने संपाची तयारी केली आणि १९६१ साली ती मर्यादा उठली. पुढे त्याने कॉव्हेंट्री संघाला वरच्या वर्गात नेले, नंतर तो दूरचित्रवाणीवर आला. १९७२ साली हायबरीवर एक रेषापंच जखमी झाला, तेव्हा प्रेक्षकांत बसलेला हिल खाली उतरला आणि निशाण हाती घेऊन रेषेवरून धावू लागला. इंग्लंडात विजयाला दोनाऐवजी तीन गुण मिळू लागले १९८१ पासून, त्यातही त्याचा पुढाकार.

इतके सगळे केले. आता स्कॉटलंडमध्ये जाऊन विचारा, हिल कोण? तर ते सांगतील, “डेव्हिड नेरीच्या गोलाला नावे ठेवणारा!” १९८२ च्या विश्वचषकात स्कॉटलंडची गाठ ब्राझीलशी पडली. प्रथम गोल केला तो स्कॉटलंडच्या नेरीने, दुरून, सणसणीत. समोर ब्राझील, आणि आपण एकाने पुढे! त्या गोलाला हिल पडद्यावर म्हणाला, अंगठ्याने ढोसला. सामना स्कॉटलंड ४-१ ने हरले ते लोक विसरले; हिलचा तो शब्द नाही विसरले. पुढे कित्येक वर्षे स्कॉटिश प्रेक्षक मैदानात त्याच्या नावाने शिव्यांची गाणी म्हणत. कॉव्हेंट्रीत मात्र २०११ साली त्याचा पुतळा उभा राहिला, आणि तो डोळ्यांनी पाहून २०१५ मध्ये तो वारला. एका गावी पुतळा, दुसऱ्या गावी शिव्या, माणूस एकच.

ॲलन हॅन्सनचे तर एका वाक्यावर झाले. लिव्हरपूलकडून तो आठ वेळा लीगविजेता, तीन वेळा युरोपचा विजेता. बचावातले बारकावे समजावून सांगावे तर त्यानेच. पण १९ ऑगस्ट १९९५ रोजी मँचेस्टर युनायटेडचा तरुण संघ ॲस्टन व्हिलाकडून ३-१ ने हरला आणि त्या रात्री हॅन्सन बोलून गेला की पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नसते. त्या पोरांत बेकहॅम होता, बट होता, स्कोल्स होता. पुढच्या मे महिन्यात त्या पोरांनी लीगही जिंकली आणि चषकही. हॅन्सन २०१४ पर्यंत त्या खुर्चीत बसला, हजारो गोष्टी बरोबर सांगितल्या. लोकांच्या ओठांवर तेवढी एकच चुकलेली राहिली. माझ्या मते हा अन्याय आहे. पण लोकांची आठवण ही काही तलाठ्याच्या दप्तरासारखी नसते. तिच्यात नोंद कशाची व्हावी हे ज्याचे त्याने ठरवायचे नसते.

आता ज्याच्यासाठी हे सारे मांडले त्या जिमी ग्रीव्ह्जकडे येऊ.

१९४० साली जन्मलेला हा लंडनचा पोरगा १९५७ मध्ये चेल्सीकडून खेळू लागला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. दांडगा नव्हे, धिप्पाड नव्हे. पण गोलासमोर आला की चेंडू जोराने हाणण्याऐवजी हळूच, जणू पाटीवर अक्षर गिरवावे तसा जाळ्यात सरकवी. इटलीतल्या मिलानने त्याला नेला, तिथे त्याचे मन रमले नाही. १९६१ च्या अखेरीस टॉटनहॅमने त्याला परत आणला. किंमत किती? ९९,९९९ पौंड. लाखाला एक पौंड कमी! ‘लाख पौंडाचा खेळाडू’ ह्या नावाचे ओझे पोराच्या डोक्यावर नको, म्हणून व्यवस्थापक बिल निकल्सन ह्यांनी एक पौंड मुद्दाम राखला. टॉटनहॅमसाठी त्याने २६६ गोल केले. तो आकडा ओलांडायला हॅरी केनला २०२३ साल उजाडावे लागले. इंग्लंडसाठी ५७ सामन्यांत ४४ गोल. १९६२ मध्ये चिली देशात ब्राझीलशी सामना चालू असताना एक कुत्रे मैदानात शिरले, कुणाच्या हाती लागेना. तेव्हा ग्रीव्ह्जने चार पायांवर ओणवे होऊन त्याला धरले. कुत्र्याने त्याच्या सदऱ्यावरच उपकार फेडले. ही गोष्ट तो पुढे जन्मभर हसत सांगे.

मग आले १९६६. विश्वचषक इंग्लंडच्या घरी. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात ग्रीव्ह्जच्या नडगीवर जखम होऊन चौदा टाके पडले. त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. अंतिम सामन्यापर्यंत ग्रीव्ह्ज बरा झाला होता, पण व्यवस्थापक आल्फ रामसे ह्यांनी जिंकता संघ मोडला नाही. बदली खेळाडू घेण्याची त्या काळी सोयच नव्हती. ३० जुलैला हर्स्टने अंतिम सामन्यात तीन गोल केले, इंग्लंड जगज्जेते झाले, आणि देशाचा सर्वांत पटाईत गोल करणारा कडेला कोट घालून बसला होता. पदके दिली तीही मैदानातल्या अकराजणांनाच.

१९७१ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्याने वरच्या वर्गातला खेळ सोडला. आणि दारूने त्याला धरले. लोक म्हणत, विश्वचषक हुकला म्हणून प्यायला लागला. तो स्वतः तसे म्हणत नसे. दिवसभर बियर आणि रात्री व्होडकाची बाटली, असा आपला दिनक्रम झाल्याचे त्याने स्वतःच जगाला सांगितले. घर मोडकळीला आले. खेड्यापाड्यांतल्या माझ्या श्रोत्यांना ही अवस्था समजावून सांगायला नको. गावात असा एक तरी हुशार माणूस असतोच की ज्याच्याकडे पाहून म्हातारी माणसे “काय होता आणि काय झाला” म्हणून चुकचुकतात. १९७८ मध्ये ग्रीव्ह्जने दारू सोडली. नुसती सोडली नाही, पुढल्या वर्षी आत्मचरित्र लिहून उघड उघड सांगितले की होय, मी दारुडा होतो. त्या काळी नामांकित खेळाडूने असे चारचौघांत बोलणे सोपे नव्हते. दारू सोडलेला माणूस त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक जगला आणि पुन्हा प्याला नाही.

दारू सोडलेल्या माणसाला दुपार आणि संध्याकाळ भरून काढायला काम लागते. ग्रीव्ह्जला ते काम दूरचित्रवाणीने दिले. आधी बर्मिंगहॅमकडच्या प्रादेशिक कार्यक्रमात, मग १९८२ च्या विश्वचषकात, आणि १९८५ पासून दर शनिवारी दुपारच्या जेवणाच्या वेळेला इयन सेंट जॉनच्या जोडीने. हा सेंट जॉन स्कॉटलंडचा, लिव्हरपूलचा आघाडीचा खेळाडू. १९६५ मध्ये त्याने डोक्याने मारलेल्या गोलामुळे लिव्हरपूलला पहिल्यांदा इंग्लंडचा चषक मिळाला. त्यालाही बोलण्याचे वेड जुनेच. १९७० च्या विश्वचषकाआधी समालोचक निवडण्यासाठी बीबीसीने स्पर्धा घेतली होती, हजारोंनी अर्ज आले, त्यात हा दुसरा आला. निर्णायक मत त्याच्याविरुद्ध पडले ते आल्फ रामसे ह्यांचे, असे सांगतात. म्हणजे दोघांनाही दाराबाहेर ठेवणारा हात एकच!

दोघांची गाठ मैदानावरही पडली होती. १९६१ मध्ये इंग्लंडने स्कॉटलंडला ९-३ असे धुतले, त्यात ग्रीव्ह्जचे तीन गोल, आणि हरणाऱ्या बाजूला सेंट जॉन. म्हणून ग्रीव्ह्ज पडद्यावर स्कॉटिश गोलरक्षकांची टिंगल करू लागला की सेंट जॉनला हसू आवरत नसे. ते हसू पाहायलाच निम्मे लोक बसत. कार्यक्रमात कपाळाला आठ्या नव्हत्या. मोठ्या संघांइतकीच खालच्या वर्गातल्या संघांची विचारपूस होई. एकदा तर, १९९१ साली, हे दोघे न्यूयॉर्कला गेले आणि इंग्लंडच्या लीग चषकाच्या चिठ्ठ्या त्यांनी चक्क डोनाल्ड ट्रम्प ह्यांच्याकडून काढवल्या. ते पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा बांधकामातले धनिक होते. फुटबॉलमध्ये त्यांना कितपत गोडी होती देव जाणे.

कुणी म्हणेल, हा काय खेळाचा अभ्यास झाला? इंग्लंडातही तसे म्हणणारे होते. थोर खेळाडूने विदूषकी करावी, हे त्यांना रुचत नसे. मला वाटते त्यांनी ग्रीव्ह्जला ओळखलेच नाही. खेळ म्हणजे जन्ममरणाचा प्रश्न नव्हे, हे ज्याने चौदा टाक्यांच्या आणि एका हुकलेल्या पदकाच्या मोलाने शिकून घेतले, त्याने ते हसून सांगावे ह्यात वावगे काय? १९९२ मध्ये नवी प्रीमियर लीग निघाली, सामने दाखविण्याचे हक्क दुसऱ्यांकडे गेले, आणि हा कार्यक्रम बंद पडला. नंतरच्या मंडळींजवळ आकडे आले, रेघोट्या मारायचा पडदा आला, चांगले कपडे आले. शहाणपण वाढले की नाही हे ज्याने त्याने ठरवावे.

राहिलेले पदक २००९ साली मिळाले, संघातल्या न खेळलेल्या इतर मंडळींबरोबर, पंतप्रधानांच्या निवासस्थानी. पाच वर्षांनी ग्रीव्ह्जने ते लिलावात विकून टाकले. ४४,००० पौंड आले. काहींना ते लागले. ज्याचे पदक त्याने विकले, आपण कोण बोलणार? २०१५ मध्ये त्याला पक्षाघाताचा मोठा झटका आला. पाय गेले आणि वाचाही गेल्यासारखी झाली. ज्या दोन गोष्टींवर त्याने पोट भरले, त्या दोन्ही.

सेंट जॉन १ मार्च २०२१ रोजी वारला, आणि ग्रीव्ह्ज त्याच वर्षी १९ सप्टेंबरला पहाटे. योगायोग असा की त्या दिवशी दुपारी टॉटनहॅमच्या मैदानावर सामना होता तो चेल्सीशीच. त्याचे दोन्ही संघ समोरासमोर. खेळ सुरू होण्यापूर्वी सारे मैदान उभे राहिले आणि सर्वांनी मिनिटभर टाळ्या वाजविल्या. त्यांत जे पन्नाशीच्या आतले होते, त्यांनी ग्रीव्ह्जला चेंडू मारताना उभ्या जन्मात पाहिले नव्हते. त्यांचा ग्रीव्ह्ज म्हणजे शनिवारी दुपारी, ताट पुढ्यात असताना, खुर्चीत रेलून हसणारा मिशाळ माणूस. शेजारी सत्तरी उलटलेले बसत. त्यांच्या डोळ्यांपुढे बिनमिशांचा, पांढऱ्या सदऱ्यातला पोरगा. टाळ्या मात्र दोघांच्याही एकाच वेळी पडत होत्या. मग शिट्टी झाली. सामना चेल्सीने ३-० असा जिंकला.